हजेरीतली शिट्टी

आमच्या आत्याने म्हणे एका म्हाताऱ्या माणसाला परगावच्या मैदानावर मुद्दाम सोडून दिलं, आणि तेव्हापासून आपला फुटबॉलचा संघ जिंकत सुटलाय. ही बातमी आमच्या भागात सगळीकडे फिरते, पण सगळ्यांत जास्त रंगते ती नाक्यावरच्या सलूनमध्ये. सलूनवाले काका एखाद्याच्या गालाला फेस फासत, वस्तरा हवेत धरून सांगतात, "ताईंनी काय केलं माहितीये? गाडीत पनवती होती. उतरवली. विषय संपला!" गिऱ्हाइकाला फेसामुळे तोंड उघडता येत नाही, त्यामुळे ते नाकातून "हं" म्हणतं, आणि काका तो "हं" पुढच्या गिऱ्हाइकाला साक्षीपुरावा म्हणून ऐकवतात.

बातमी खोटी आहे. म्हणजे, सोडून आली हे खरं. मुद्दाम हे खोटं. आणि ज्यांना पनवती म्हणतात ते आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा आहेत.

आत्या, म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, बसस्टँडवर घोषणा करते. काचेची एवढीशी खोली, समोर माइक, डोक्यावर पंखा. पंखा लावता येत नाही, कारण त्याची घरघर अख्ख्या स्टँडला ऐकू जाते. त्यामुळे ती दिवसभर घामाघूम होऊन अतिशय थंड आवाजात बोलते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे ती असं म्हणते, की लक्ष न देणाऱ्यालाही आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. घरी मात्र तिचा आवाज वेगळाच. "वहिनी, माझा डबा कुठंय? अगं सुटली माझी गाडी!" आईचं म्हणणं, जगाच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या बाईला स्वतःचा डबा एकदाही वेळेवर सापडलेला नाही.

आमच्या संघाचा सामना बाहेरगावी असला की आम्हा पाठीराख्यांची गाडी आत्याच ठरवते. ड्रायव्हरकाकांना गाठते, कुणाला खिडकी, कुणाला पुढची जागा, कोण वाटेत ओकतो, सगळं तिच्या डोक्यात. हजेरीसुद्धा ती डोक्यातूनच घेते. गाडीच्या दारात उभी राहून प्रत्येकाच्या टोपणनावाने हाक मारते आणि ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने ओ द्यायची. सलूनवाले काका नाटकातल्या राजासारखं "हाजिर!" म्हणतात. बँकेतला एक कारकून मांजरासारखं ओरडतो. मला सगळे टेप म्हणतात, कारण मी ऐकलेला कोणताही आवाज परत वाजवते. त्यामुळे "टेप!" अशी हाक आली की मी कधी आईच्या, कधी ड्रायव्हरकाकांच्या, तर कधी खुद्द आत्याच्या आवाजात ओ देते. गाडी हसते, आत्या डोळे वटारते आणि पुढचं नाव घेते.

आजोबांचं उत्तर म्हणजे शिट्टी. त्यांनी आयुष्यभर स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त केले. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती फुसफुस, कुणीतरी शेजारच्या खोलीत कागद फाडतंय अशी. म्हणून गळ्यात पत्र्याची शिट्टी. "कुकर दुरुस्त करता करता माणूस स्वतःच कुकर झाला," असं सलूनवाले काका पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा दाद म्हणून आजोबांनीच सगळ्यांत आधी शिट्टी मारली होती. रोज सकाळी पेपर आणायला खाली उतरताना ते आमच्या दाराशी एक शिट्टी द्यायचे आणि आत्या आतून थेट माइकच्या आवाजात विचारायची, "गाडी सुटली का?" मग दुसरी शिट्टी. ही आमच्या घराची सकाळ होती.

गेल्या मोसमातला बाहेरगावचा शेवटचा सामना. आपण हरत होतो. आजोबा बाथरूमला म्हणून उठले आणि ते गेल्या गेल्या आपला गोल झाला. मग दुसरा. आम्ही जिंकलो. बाहेर पार्किंगमध्ये नुसता धिंगाणा, हॉर्न, ढोल, आणि गाड्या मागे घ्यायला लावणारा तिथला एक माणूस. त्याच्या तोंडात शिट्टी. आत्याने दारात उभं राहून हाक मारली, "शिट्टीआजोबा!" बाहेरून शिट्टी आली. आत्या म्हणाली, "आले. चला." आजोबांच्या जागेवर त्यांचं जॅकेट होतं, वर टोपी होती, मागच्यांना वाटलं झोपलेत. आपल्या स्टँडवर उतरल्यावर सगळे डोळे चोळत आपापल्या घरी गेले. आजोबा एकटेच राहतात. ते पोचले का, हे विचारायला घरात कुणी नाही.

सकाळी आत्या ड्युटीवर होती. परगावहून येणारी पहिली गाडी फलाटावर लागतेय, असं तिनेच माइकवर सांगितलं. मग काचेतून तिला दिसलं, की त्या गाडीतून आजोबा उतरतायत. अंगात जॅकेट नाही, संघाचा मफलर घडी करून खिशात कोंबलेला, चेहरा रात्रभर बाकावर बसलेल्या माणसाचा. माइक चालूच होता. अख्ख्या स्टँडने ऐकलं, "अगं बाई! आजोबा तुम्ही!" पोर्टरनी माना वळवल्या, प्रवाशांनी माना वळवल्या. आजोबांनी काचेकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दाराशी शिट्टी वाजली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. गाडीत राहिलेलं जॅकेट ड्रायव्हरकाकांनी त्यांच्या दाराला अडकवलं, ते तेवढं गुपचूप आत गेलं. आजोबा मैदानावर यायचेही बंद झाले. इकडे संघ घरच्या मैदानावर जिंकत राहिला आणि सलूनमधली बातमी फुगत गेली.

आत्याचं म्हणाल, तर तिने कानाला खडा लावला. एरवी इंजिनाच्या आवाजावरून कोणती गाडी आत शिरली ते सांगणारी बाई, आता तिला स्वतःच्याच कानांची भीती वाटायला लागली. एक घोषणा तीनतीनदा करायची. "गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. कुणी मागे राहिलं असेल तर त्वरित यावे." थोडं थांबून, "गाडी अजून सुटलेली नाही. कुणी मागे राहिलं असेल तर." मग आणखी थांबून, जवळजवळ रडवेल्या आवाजात, "बाथरूमला कुणी गेलंय का?" लोक गाडीतून ओरडायचे, "ओ ताई, सोडा आता!" डेपोचे साहेब एकदा तिच्या काचेच्या खोलीत आले आणि मिशीत बोलले, "बाई, गाडी म्हणजे वरात नव्हे. जो राहिला तो राहिला." आत्या घरी येऊन नुसती बसून राहिली. 'जो राहिला तो राहिला' हे वाक्य मी साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवलं, म्हटलं हसेल. ती उठून आत गेली.

आणि एक गंमत. गंमत कसली. रोज सकाळी जिन्यात बारीकसा आवाज यायचा. आत्या हातातलं काम थांबवून कान द्यायची आणि पुटपुटायची, "चपला हातात घेऊन उतरतायत. मला कळू नये म्हणून." मग ती दारामागे श्वास रोखून उभी. दाराच्या अलीकडे एक चोर, पलीकडे एक चोर, आणि चोरी कुणाचीच नाही.

या मोसमाच्या तारखा लागल्या आणि बाहेरगावचा पहिलाच मोठा सामना आला तो त्याच मैदानावर. बैठक आमच्या घरी भरली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सलूनवाले काका आमच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. आत्याने जमिनीवर खडूने गाडी आखली आणि कुणाला कुठे बसवायचं ते सांगून टाकलं. मग हात झटकत म्हणाली, "एवढं झालं. मी मात्र येणार नाही."

"म्हणजे?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "मग हजेरी कोण घेणार?"

"कागदावर नावं लिहा. टिक करा."

"कागद हाका मारतो का ताई? आणि ही टेप चार आवाजांत ओ देते, कागदाला काय कळणार?"

"तिला मी समजावते."

सलूनवाले काका स्टुलावरून पुढे झुकले. "ताई, तुम्ही यायलाच हवं. गेल्या वेळी तुम्ही जे काम केलंत ना... म्हणजे वरचे तर आता येतच नाहीत, पण आलेच, तर तुम्हालाच जमतं ते. एका फटक्यात बाहेर!"

आत्याच्या हातात चहाचे कप होते. ते तिने मशीनवर ठेवून दिले. "मी कसलंही काम केलेलं नाही."

"अहो, मी कौतुक करतोय तुमचं!"

"तेच करू नका."

"विनय बघा!" काका सगळ्यांकडे बघून म्हणाले. आई त्यांच्यासमोर कप आदळत म्हणाली, "चहा प्या भाऊजी, गार होतोय," आणि त्या सुरात बैठक संपली.

मी आत गेले तर आत्या स्वयंपाकघरात कोरडेच कप पुसत बसली होती.

"अगं, त्यांना सांग ना सरळ," मी म्हटलं, "की चुकून झालं."

"तेच तर सांगता येत नाही."

"का? चुकूनच झालं ना?"

तिने कप खाली ठेवला. "पहिला गोल झाला तेव्हा ते बाहेर गेले होते. मी उड्या मारत होते. आणि मनात काय म्हणाले माहितीये? म्हटलं, बरं झालं बाहेर आहेत. राहू देत अजून थोडा वेळ. असं म्हणाले मी. आणि राहिले ते. रात्रभर राहिले."

"मनातलं ऐकून ड्रायव्हरकाका गाडी सोडतात का?"

"ड्रायव्हरने नाही ऐकलं. मी ऐकलं ना." ती पुन्हा कप पुसायला लागली. "त्यांच्या शिट्टीतला दाणा फुटलाय. शेवटी जराशी अडखळते ती. पार्किंगवाल्याची तशी नव्हती. मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. कदाचित मला नीट ऐकायचंच नव्हतं. मग आता वर जाऊन काय सांगू? चुकून झालं म्हणाले तर अर्धं खोटं, आणि सगळं सांगितलं तर ते आयुष्यात माझं तोंड बघणार नाहीत."

"मग सांगू नकोस."

"आणि रोज त्यांना हातात चपला घेऊन उतरू देऊ?"

ती उठलीच. पदर, केस, काही न बघता दाराकडे. मी आडवी आले. "आत्या, ऐक. मनातलं सगळं सांगितलंस तर ते तुझ्या हजेरीला परत कधी शिट्टी देणार नाहीत. लाव पैज."

ती थांबली. पैज म्हटलं की आमचं सगळं घराणंच थांबतं. "काय लावतेस?"

"मी जिंकले तर एक दिवस तुझ्या माइकवर मी बोलणार. एकच घोषणा."

"साहेब मला घरी बसवतील! बरं. आणि तू हरलीस तर सामन्याला जाऊन परत येईपर्यंत स्वतःच्या आवाजात बोलायचं. कुणाची नक्कल नाही. हजेरीलासुद्धा."

हे जरा जास्तच झालं, पण मी हो म्हटलं. तिने मला सोबत घेतलं. कारण आजोबांची फुसफुस मला नीट कळते. मी तिची इतकी तालीम केलीय, की त्यांचं वाक्य अर्ध्यात असताना मला पुढचं ऐकू येतं.

आजोबांच्या खोलीत भिंतीभर खिळ्यांना कुकरची झाकणं टांगलेली आहेत. काळ्या रबरी रिंगा एका काठीला ओवलेल्या, आणि सगळीकडे धातू घासायच्या पावडरचा वास. झाकणांच्याच रांगेत एका खिळ्याला शिट्टी टांगलेली होती. गळ्यात नव्हती. आत्याने ती पाहिली आणि तिचा धीर सुटला. बसायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. गोल, उड्या, 'राहू देत अजून थोडा वेळ', पार्किंगवाला, सगळं. एकही शब्द गाळला नाही. मी हळूहळू दाराकडे सरकत होते.

आजोबा हातातल्या झाकणावरचा डाग अंगठ्याने घासत राहिले. मग फुसफुसले. आत्याला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"ते म्हणतायत," मी म्हटलं, "अजून किती दिवस ओरडणार आहेस माझ्यावर?"

"मी? मी कधी ओरडले?"

आजोबांनी खिडकीकडे बोट केलं. स्टँडचा भोंगा तिथून समोरच दिसतो.

"माइकवरून," मी सांगत गेले. "रोज. 'कुणी मागे राहिलं असेल तर.' 'बाथरूमला कुणी गेलंय का.' तीनतीनदा. खिडकी लावली तरी आत येतं. ते म्हणतायत, एवढा राग होता तर एकदाच तोंडावर बोलायचं. सगळ्या गावासमोर टोमणे कशाला?"

आत्या उडालीच. "टोमणे? अहो, मी... ते मी स्वतःला सांगत होते हो!"

आजोबांनी झाकण बाजूला ठेवलं आणि बराच वेळ फुसफुसले. मला मध्येमध्ये त्यांना थांबवावं लागलं. पहिला गोल झाला तेव्हा ते बाथरूमच्या रांगेत होते. गर्दीच्या आवाजावरून त्यांना कळलं. तेव्हाच त्यांच्याही मनात आलं, आपण बाहेर आलो आणि गोल झाला. मग ते आत परतलेच नाहीत. मैदानाच्या मागच्या भिंतीला टेकून बसले आणि आतला गलका ऐकत राहिले. सामना संपला, तरी आनंदात उठायचं भान राहिलं नाही. पार्किंगला पोचले तेव्हा गाडी नव्हती.

"चूक त्यांची," मी म्हटलं. "असं ते म्हणतायत. न सांगता गेले. आणि तुझ्या कानाला बट्टा लागला. त्या सकाळी स्टँडवर तू ओरडलीस, तेव्हा त्यांना वाटलं, झालं, आता ही मला कधी माफ करणार नाही. मग कोणत्या तोंडाने दाराशी शिट्टी मारायची?"

आत्या मटकन स्टुलावर बसली. आता ती हसेल असं मला वाटलं, पण तिचे डोळे भरून आले होते. "म्हणजे तुम्ही आमच्यासाठी भिंतीमागे बसलात, आणि आम्ही तुम्हाला तिथेच ठेवून आलो."

आजोबांनी हात हलवला, जाऊ दे.

"जाऊ दे नाही. या वेळी गाडीत बसायचं. मैदानात, माझ्या शेजारी."

ते मानेनेच नाही म्हणाले. मग फुसफुस. मी सांगितलं, "हरलो तर? सलूनमध्ये दाढीला जायची सोय राहणार नाही."

"हरलो तर हरलो!"

आजोबांनी पुन्हा मान हलवली आणि झाकण उचललं. शिट्टी खिळ्यावरच राहिली. जिना उतरताना मला खरं तर वाईट वाटत होतं, पण घोषणेची तालीम मी मनातल्या मनात सुरू केली होती.

सामन्याच्या सकाळी आमची गाडी स्टँडच्या कडेच्या फलाटाला लागली होती. आत्या आली. "फक्त हजेरीपुरती. ते नाहीत तर मीही नाही. नावं घेते आणि उतरते," असं तिने बजावलं. काचेच्या खोलीत तिच्या बदलीवरची मुलगी बसली होती. आत्या गाडीच्या दारात उभी राहिली आणि हाका सुरू झाल्या. "हाजिर!" झालं. मांजर झालं. सगळे झाले. मग ती थांबली, आणि कुणाच्याच यादीत नसलेलं नाव तिने घेतलं.

"शिट्टीआजोबा!"

बाहेर शिट्टी वाजली.

"आले!" ड्रायव्हरकाकांनी किल्ली फिरवली. मी मनात म्हटलं, गेली माझी घोषणा. पण आत्याने हात वर केला. ती डोळे मिटून उभी होती.

"ही नाही," ती म्हणाली. "हा स्टँडवरचा माणूस आहे. गाडी मागे घेतोय."

खरंच, शेजारच्या फलाटावर एक गाडी मागे येत होती.

"अहो ताई, ते येणारच नव्हते!" सलूनवाले काका उठले. "आणि चांगलंच आहे ना ते! चला हो ड्रायव्हर."

"मी हाक मारलीये," आत्या म्हणाली. "उत्तर आल्याशिवाय गाडी हलणार नाही. आणि काका, कान उघडे ठेवून ऐका, कारण सलूनमध्ये तुम्हालाच सांगायचंय. मी कुणालाही उतरवलं नव्हतं. मी चुकले होते. ते भिंतीमागे बसले होते, आपण जिंकावं म्हणून. तुम्ही आत खुर्चीवर उभे राहून नाचत होतात."

काका बसले. वस्तरा हातात नसला की ते फार साधे दिसतात.

आत्या उतरली. सरळ काचेच्या खोलीत गेली आणि त्या मुलीला बाजूला करून माइक ओढला. भोंग्यातून तिचा आवाज आला, तोच थंड, पण काठावर जरासा ओला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी गाडी थांबलेली आहे. कुणी ओरडत नाहीये. हरलो तर सगळे मिळून हरू."

तिने हे एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा नाही. परत येऊन दारात उभी राहिली, दांडा घट्ट धरून.  बँकेतलं मांजर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायला लागलं. ड्रायव्हरकाकांनी घड्याळाकडे न बघता इंजिन बंद केलं.

मग लांबून, आमच्या घराच्या बाजूने, एक शिट्टी आली. शेवटी अडखळणारी.

थोड्या वेळाने फलाटावर चपलांचा फटफट आवाज. चपला पायात होत्या, आणि जितक्या वाजवता येतील तितक्या वाजत होत्या. आजोबा अंगात जॅकेट, गळ्यात मफलर, मफलरवर शिट्टी असे आले. सलूनवाले काका खिडकीची जागा सोडून उठले आणि काही न बोलता पलीकडे जाऊन बसले. आजोबा खिडकीशी बसले. आत्याने विचारलं, "गाडी सुटली का?" आणि त्यांनी तिच्या कानाशी नेऊन अशी शिट्टी फुंकली, की पुढच्या चार रांगांनी कान झाकले. उतरायचं आत्याला आठवलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली आणि हजेरीतलं शेवटचं नाव घेतलं.

"टेप!"

सगळे माझ्याकडे वळले, आज कुणाचा आवाज येणार म्हणून. माझ्या घशात सलूनवाले काका होते, डेपोचे साहेब होते, आई तर केव्हापासून तयारच होती. पण पैज ती पैज. मी म्हटलं, "आहे."

 ड्रायव्हरकाकांनी आरशात बघत विचारलं, "हे कोण बोललं? ताई, हा आवाज कुणाचा?"

"मला माहितीये कुणाचा आहे," मागे वळूनही न बघता आत्या म्हणाली. "सगळे आले. सोडा गाडी."